रुमाल टाकून ठेवलेली खोली

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडायची कला आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. रुमालवाला अजून फलाटावर वडापाव खातोय, सीट रिकामी आहे, शेजारी एक आजीबाई दांडा धरून उभ्या आहेत, तरी ती सीट "भरलेली" आहे. माझं म्हणणं असं की आपल्या आसपासच्या बऱ्याच ऑनलाईन बुकिंग सिस्टिम म्हणजे हाच रुमाल. फक्त त्याला लॉगिन आणि पासवर्ड असतो :)

पटत नसेल तर सोमवारी हापिसात गेल्यावर बघा. कॅलेंडरवर सगळ्या कॉन्फरन्स रूम्स लाल, आणि काचेतून बघावं तर अर्ध्या रिकाम्या. कुणा मॅनेजरने दोन वर्षांपूर्वी दर मंगळवारची मीटिंग टाकून ठेवलेली असते. प्रोजेक्ट संपला, मॅनेजर बेंगळुरूला गेला, मीटिंग मात्र अमर आहे. आणि आपण पँट्रीत उभ्याने स्टँड-अप उरकतो. हापिसात यात नुकसान फारसं होत नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीत मात्र बरंच होतं, आणि आज लिहायचं आहे ते त्याबद्दल.

झालं असं, की गेल्या वर्षी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीचं एक काम विकांतापुरतं माझ्याकडे आलं. (नाव लिहीत नाही. अशीच सिस्टिम इतरही ठिकाणी असते, एकाच्याच नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही.) माझा एक मित्र तिथे शिकवतो. त्याचा फोन आला, "अरे, आमच्याकडे ग्रुप स्टडीच्या आठ खोल्या आहेत. बुकिंगची वेबसाईट आहे, पण पोरं शिव्या घालतात. फार काही नाही रे, स्क्रीन जुनाट दिसते, तेवढी जरा चकाचक करून दे."

आमच्या धंद्यात "फार काही नाही" हे शब्द ऐकले की डोक्यात धोक्याची घंटा वाजते. म्हटलं, आधी येऊन बघतो.

सिस्टिम साधीच होती. दोन-दोन तासांचे स्लॉट. रोज रात्री बारा वाजता पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचे स्लॉट उघडायचे. एका विद्यार्थ्याला दिवसाला एक स्लॉट. परीक्षा जवळ आली की बारा वाजून चार-पाच मिनिटांनी सगळं पान लाल. आता दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष चित्र बघा. मी गेलो त्या दुपारी पानावर आठही खोल्या बुक होत्या. त्यातल्या तीन खोल्यांना बाहेरून कडी. आणि जिन्याच्या पायऱ्यांवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली पोरंपोरी. स्क्रीन जुनाट होती हे खरंच. पण जिन्यात बसलेल्या पोरांचा आणि बटणाच्या रंगाचा काडीचा संबंध नव्हता.

लायब्ररीच्या दारापाशी टेबल टाकून एक मामा बसतात. निवृत्तीला आलेले. वेबसाईट यायच्या आधी खोल्यांचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. त्यांना विचारलं, "मामा, तेव्हा कसं चालायचं?" ते म्हणाले, "कसं म्हणजे? यायचं, नाव लिहायचं, दोन तास बसायचं. दहा मिनिटं आला नाही की दुसऱ्याला द्यायची. रोज तेच तेच टोळकं आलं तर म्हणायचं, बाबांनो, आज जरा दुसऱ्यांना बसू द्या." मग थोडं थांबून म्हणाले, "आता मला काय अधिकार? कॉम्प्युटर सांगतो खोली भरलीय. मी कडी लावून बसतो."

मला वाटतं, अख्खी गोष्ट या दोन वाक्यांत आली. रजिस्टर "ऑनलाईन" करताना कुणीतरी त्याचे रकाने उचलले: नाव, खोली, वेळ, सही. रकान्यांत न लिहिलेले नियम मामांच्या डोक्यात होते. दहा मिनिटांनी खोली सोडायची, रोजरोज येणाऱ्याला थोपवायचं, लांबून आलेल्याला जरा सांभाळून घ्यायचं. ते रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये आलेच नाहीत, कारण मामांना मीटिंगला कुणी बोलावलंच नव्हतं.

आता आधी सोपा भाग सांगतो, म्हणजे तंत्राचा. पोरांची एक तक्रार होती की कधीकधी एकच खोली दोघांना मिळते आणि मग दारात भांडणं होतात. हा जुना रोग आहे. सिस्टिम आधी विचारते, "खोली रिकामी आहे का?" उत्तर येतं, "हो." मग ती बुकिंग लिहिते. या विचारण्या आणि लिहिण्याच्या मधल्या क्षणात दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न विचारून तेच उत्तर घेतलेलं असतं. रात्री बाराच्या झुंबडीत हे होणारच. यावर कोडमध्ये ठिगळं लावत बसू नये, ते काम डेटाबेसला सांगावं. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१० पासून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे, आणि २०१२ पासून काळाचा पट्टा साठवायला रेंज टाईप आहे. "खोली तीच आणि वेळ एकमेकांवर चढलेली, अशा दोन नोंदी मला चालणार नाहीत" हे एका ओळीत सांगता येतं. पट्टा अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे दहा ते बारामध्ये दहा धरायचे, बारा नाही. मग बारा ते दोनवाला त्याच्याशी टक्कर घेत नाही. एका दुपारचं काम. भांडणं बंद.

पुढचे प्रश्न मात्र कोडचे नाहीत. खोली कुणाला द्यायची, हे ठरवण्याचे आहेत. आणि इथे "आम्ही फक्त सॉफ्टवेअर लिहितो" म्हणून इंजिनियरने हात झटकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. "रात्री बारा वाजता उघडेल" ही ओळ कुणीतरी क्रॉन जॉबमध्ये सोयीची म्हणून लिहिली असणार. पण ती लिहिल्याबरोबर खोल्या कुणाला मिळणार हे ठरून गेलं.

कुणाला? हॉस्टेलवर राहणाऱ्या, रात्री एकपर्यंत जागणाऱ्या, चांगलं वायफाय असलेल्या पोरांना. आणि त्यातही ज्यांना पायथॉनमध्ये पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते त्यांना. (अशी स्क्रिप्ट तिथे फिरत होती. चांगली लिहिलेली होती, हे व्यावसायिक प्रामाणिकपणे नमूद करतो.) मिळत कुणाला नव्हती, तेही सांगतो. दौंडहून रोज रेल्वेने येणारी एक मुलगी जिन्यात भेटली. घरी दोन खोल्या, माणसं सहा, टीव्ही एक. ती म्हणाली, "दादा, बारापर्यंत जागले तर पहाटेची गाडी चुकते." म्हणजे ज्या मुलीला चार भिंती आणि एक टेबल यांची सगळ्यात जास्त गरज, तिलाच ती खोली या नियमाने कधी मिळणार नाही. पुण्यात पैसे भरून खाजगी अभ्यासिका मिळते, गल्लोगल्ली मिळते. पण ज्याला ते परवडतं त्याचा प्रश्न तिथेच सुटला. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठीच विद्यापीठाची लायब्ररी असते ना?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "पहिला येईल त्याला पहिलं, यात अन्याय कसला? रांग म्हणजे रांग." मलाही रांग आवडते. पण खरी रांग डोळ्यांना दिसते, तिच्यात प्रत्येकाचा वेळ जातो आणि एक माणूस एकाच रांगेत उभा राहू शकतो. इंटरनेटवरच्या रांगेत स्क्रिप्टचा वेळ जात नाही. तिथे गरज मोजली जात नाही, बोटाचा वेग मोजला जातो. तत्काळ तिकिटांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. शेवटी १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची करावी लागली आणि एजंटांना पहिली तीस मिनिटं बंदी घालावी लागली. आठ खोल्यांसाठी एवढा फौजफाटा कशाला? घाईतच फायदा राहणार नाही असा नियम करा, स्क्रिप्ट आपोआप बेकार होते.

तो नियम म्हणजे सोडत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, कधीही अर्ज करा. सहा वाजता सिस्टिम चिठ्ठ्या काढेल. ज्याला या आठवड्यात खोली मिळाली त्याचा नंबर खाली, ज्याला मिळाली नाही त्याचा वर. निकाल मोबाईलवर. उरलेले स्लॉट मग येईल त्याला. नऊला अर्ज केला काय आणि पाच पंचावन्नला केला काय, शक्यता तीच. दौंडची मुलगी गाडीत बसून अर्ज करेल आणि रात्री झोपेल.

समितीत "लॉटरी" हा शब्द उच्चारल्याबरोबर दोन-तीन भुवया वर गेल्या. विद्यापीठात जुगार? म्हणून मी "सोडत" म्हणायला लागलो :) आपण म्हाडाची घरं सोडतीने देतो, शिक्षण हक्क कायद्याखालचे २५ टक्के प्रवेश सोडतीने देतो. ज्या गोष्टीत मागणी जास्त, वस्तू कमी, आणि कोण जास्त लायक हे ठरवण्यात काही अर्थ नाही, तिथे चिठ्ठी हीच सभ्य पद्धत आहे. आणि ती वर्षभर लागतही नाही. जुलैत निम्म्या खोल्या तशाच ओस असतात, तेव्हा या आणि बसा.

दुसरा मुद्दा पंधरा दिवसांचा. जितकं लांबचं बुकिंग, तितका रुमाल मोठा. पंधरा दिवसांनी आपण कुठे असू हे विद्यार्थ्याला माहीत नसतं, पण बुक करायला काही लागत नाही, मग करून ठेवतो. रेल्वेचा अनुभव इथेही उपयोगी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. तेव्हा दिलेलं कारण असं, की ६१ ते १२० दिवस आधी केलेली सुमारे २१ टक्के आरक्षणं रद्द होतात, आणि सुमारे ५ टक्के प्रवासी रद्दही करत नाहीत आणि प्रवासही करत नाहीत. तिथे तिकिटाचे पैसे भरलेले असतात, तरी हे होतं. फुकटच्या खोलीचं काय होत असेल, विचार करा. माझी शिफारस तीन दिवसांची होती.

तिसरा मुद्दा, न येणाऱ्यांचा. समितीतल्या एका सरांनी लगेच तोडगा काढला, "पन्नास रुपये दंड लावा, सुतासारखे सरळ होतील." ऐकायला बरं वाटतं. पण उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे वाचण्यासारखा आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं होती. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. म्हणून त्यातल्या सहा पाळणाघरांनी उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे पालक कमी झाले का? छे, जवळपास दुप्पट झाले! आधी उशीर झाला की ताईंसमोर ओशाळं व्हायचं, आता पैसे टाकले की हिशेब संपला. आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. दंडाची झाली किंमत. लायब्ररीत याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्या खिशात पन्नास रुपये सहज आहेत तो खोली "विकत" घेऊन रिकामी ठेवेल, आणि दौंडची मुलगी दंडाच्या भीतीने बुकच करणार नाही.

मग करायचं काय? मामांनी सांगितलं तेच. पंधरा मिनिटांत आला नाहीत, खोली सुटली. स्क्रीनवर हिरवी दिसेल, जिन्यात बसलेला कुणीही घेईल. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत वापरतात त्या लिबकॅलमध्ये अशी चेक-इनची सोय आहेच, काही नवीन शोध लावायचा नाहीये. दारावर क्यूआर कोड लावायची आयडिया निघाली होती. पण पहिल्याच दिवशी त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर फिरेल आणि हॉस्टेलच्या गादीवरून चेक-इन होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. माझं मत, मामांना एक टॅब्लेट द्या. माणूस समोर दिसला की ते टिक करतील. चाळीस वर्षं माणसं ओळखण्यात घालवलेला माणूस दारात बसला असताना सेन्सर कशाला?

त्याबरोबर रद्द करणं सोपं हवं. आधीच्या सिस्टिममध्ये बुक करायला दोन क्लिक आणि रद्द करायला लायब्ररीला ई-मेल! मग कोण कशाला रद्द करेल? आदल्या संध्याकाळी मेसेज जावा, "उद्या येताय ना?" आणि त्याच मेसेजमधल्या एका टिचकीत, लॉगिन न करता, खोली सोडता यावी. एवढं करूनही जो सारखा गुंगारा देतो त्याला शिक्षा पायरीपायरीने. पहिल्यांदा नुसती आठवण. तिसऱ्यांदा आठवडाभर आगाऊ बुकिंग बंद, त्या दिवशी येऊन रिकामी मिळाली तर घ्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अर्थशास्त्राचं नोबेल (२००९) मिळवणाऱ्या पहिल्या बाई. सामायिक कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या कसं वाटून घेतात याचा त्यांनी अभ्यास केला. टिकलेल्या व्यवस्थांत शिक्षा हलकी सुरू होते आणि वाढत जाते, हे त्यांनी १९९० च्या पुस्तकात नोंदवलंय. पाण्याच्या पाळ्या बघितलेल्या कुणालाही हे नवीन वाटू नये.

चौथी पळवाट गटांची. एकाला दिवसाला एक स्लॉट, ठीक. पण सहा जणांचा गट सहा नावांनी सहा स्लॉट घेतो. सहा गुणिले दोन तास, म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ एकच टोळकं एका खोलीत. नियम मोडला का? नाही. म्हणून खोली गटातल्या सगळ्यांच्या खात्यावर धरायला हवी, आणि बुक करणाऱ्याशिवाय निदान दोघांनी मेसेजवर "हो" म्हणायला हवं. यात जरा कटकट वाढते, मान्य आहे. पण तीन माणसंही जमत नसतील तर सहा खुर्च्यांची खोली हवी कशाला?

आणि आठपैकी दोन खोल्या सोडतीत टाकूच नका. त्या चालत आलेल्यासाठी, मामांच्या रजिस्टरवर. ज्याचा फोन बंद पडलाय, डेटा संपलाय, ज्याला अचानक गरज लागली, त्यालाही लायब्ररी हवीच की. कागदी रजिस्टर ठेवायला लाजायचं कारण नाही.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नाही म्हणालो. दारावर चेहरा ओळखणारा कॅमेरा लावायचा प्रस्ताव होता. कोण कुणाबरोबर किती वाजता खोलीत बसलं याची कायमची नोंद विद्यापीठाला कशाला हवी? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवा, साधा शहाणपणा म्हणून सांगतो. नसलेला डेटा चोरीला जात नाही. महिन्याने नावं पुसा, नुसते आकडे ठेवा.

आकडे कुठले, हेही महत्त्वाचं. वेबसाईटच्या अहवालात अभिमानाने लिहायचे, "१०० टक्के बुकिंग". तो आकडा रुमालांचा आहे. मोजायचं असेल तर माणूस आत बसला ते तास मोजा. साधा हिशेब करू. आठ खोल्या, दिवसाचे बारा तास, म्हणजे ९६ खोली-तास. समजा चारातला एक स्लॉट रिकामा जातो. २४ तास गेले. म्हणजे पूर्ण दोन खोल्या इमारतीतून गायब! नवीन खोल्या बांधायच्या तर टेंडर, निधी, तीन वर्षं. या दोन खोल्या बांधूनच ठेवलेल्या आहेत, नुसती कडी काढायची आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या क्षेत्रात "युजर एक्सपीरियन्स" म्हणून लाखोंची पॅकेजेस घेतात, त्याचं सार हेच. पण त्याच्याही आधी पहिला नियम येतो, पुस्तकं वापरासाठी आहेत, आणि दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. पुस्तकाच्या जागी खोली घाला, अख्खं स्पेसिफिकेशन तयार होतं.

समितीने पंधरा मिनिटांचा नियम, एका टिचकीत रद्द करणं आणि मामांचा टॅब्लेट, हे तीन मान्य केलं. मुदत तीनच्या ऐवजी सात दिवस झाली. कॅमेरा बारगळला. सोडतीवर "पुढच्या सत्रात विचार करू" असा शेरा आहे, आणि रात्री बाराचा क्रॉन जॉब अजून चालू आहे. मित्राला दर महिन्याला त्याची आठवण करून देतो. त्यांच्यासाठी ते एक सत्र आहे. दौंडच्या मुलीचं शेवटचं वर्ष होतं, ती जूनमध्ये पास होऊन बाहेर पडली.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात अशी एखादी सिस्टिम असेल, हापिसातली, सोसायटीच्या हॉलची, बॅडमिंटन कोर्टाची, तर रिडिझाईनचं कोटेशन मागवायच्या आधी एक दुपार दारापाशी बसून या. आणि जो माणूस तिथे रोज बसतो, त्याला चहा पाजा.